वस्तीत काम करताना या चुका टाळा: घड्याळ संस्थेचे की वस्तीचे?

गोवंडीतील एका वस्तीत आम्ही अभ्यासवर्ग सुरू केला, तेव्हा पहिल्या आठवड्यात खोली पुरेना आणि महिन्याभरात एक सतरंजीसुद्धा भरेना. संस्थेच्या बैठकीत एकमताने निदान झाले की पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, आणि त्यावर पालक-प्रबोधनाचा कार्यक्रमही ठरला. खरे कारण गल्लीच्या तोंडाशी उभे होते. वर्गाची वेळ दुपारी चारची होती आणि नळाला पाणीही चारलाच येत असे. मोठ्या मुली निळे कॅन घेऊन रांगेत आणि त्यांच्या मागे त्यांची लहान भावंडे. वर्ग साडेपाचला नेल्यावर बहुतेक मुले परत आली आणि प्रबोधनाचा कार्यक्रम कोणालाही आठवला नाही.

शहरातील गरीब वस्त्यांमध्ये शिक्षण, रोजगार आणि आरोग्य यांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या निम्म्याहून अधिक अडचणी याच जातीच्या असतात, असे माझे मत झाले आहे. संस्थेचे घड्याळ आर्थिक वर्ष, अहवाल आणि देणगीदाराची भेट यांवर चालते, तर वस्तीचे घड्याळ पाणी, कामाची पाळी, पगाराचा दिवस आणि गावाला जाण्याचा महिना यांवर. दोन्हींचा मेळ बसला नाही की दोष मात्र लोकांच्या मानसिकतेला लागतो.

मुले येत नाहीत, किंवा येऊनही शिकत नाहीत

हजेरी घसरू लागली तर आधी मुलांच्या शाळेचे अधिवेशन पाहावे. मुंबई महापालिकेच्या अनेक शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन अधिवेशनांत भरतात, त्यामुळे एकाच घरातील दोन मुलांची मोकळी वेळ वेगवेगळी असते, आणि लहानग्याला सांभाळण्याची पाळी ज्याच्यावर येते त्याचा वर्ग बुडतो. धाकट्यांना सोबत आणण्याची परवानगी दिली आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी खडू-पाटी ठेवली, तर गोंगाट वाढतो हे खरे, पण मोठी मुलगी टिकते.

मुले नियमित येतात आणि तरीही प्रगती दिसत नाही, अशी तक्रार असेल तर मुलांना इयत्तेनुसार बसवले आहे का ते तपासावे. पाचवीतील मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नसेल, तर पाचवीचा गृहपाठ करून घेणे म्हणजे फळ्यावरून वहीत चित्र उतरवून घेणे होय. १९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांतील बालवाड्यांपासून सुरू झालेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने पुढे जी पद्धत रूढ केली, ती येथे उपयोगी पडते: प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहायचे आणि त्या पातळीनुसार गट करायचे. या तपासणीला एका मुलामागे काही मिनिटे लागतात. ती न केल्यास अख्खे वर्ष वाया जाते.

दाखल्याअभावी घरी बसलेले मूल ही आणखी एक नेहमीची अडचण आहे, आणि तिथे कार्यकर्ते बहुधा जन्मदाखल्यासाठी गावी पत्रव्यवहार करण्यात महिने घालवतात. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. तेव्हा आधी मूल वर्गात बसवावे आणि कागद मागाहून मिळवावेत. मुख्याध्यापकांशी वाद घालण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन पोच घेतली तर काम लवकर होते.

वह्यावाटपाबद्दल थोडक्यात एवढेच की शाळा जूनमध्ये उघडते आणि वह्या पंधरा ऑगस्टला वाटल्या जातात. तोपर्यंत आईने उसनवारी करून वह्या घेतलेल्या असतात. एकाच गल्लीत तीन मंडळांनी वाटलेल्या वह्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात निम्म्या भावाने परत जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यात त्या आईचे काही चुकले असे मला वाटत नाही.

शिलाई मशीन वाटल्यानंतर

रोजगाराच्या कामातील सर्वांत खर्चिक आणि तरीही पुन्हा पुन्हा होणारी चूक शिलाई मशीनची आहे. मशीन स्वीकारणारी बाई, मागे फलक, बाजूला पाहुणे असे छायाचित्र अहवालात उत्तम दिसते. वर्षभराने त्याच घरात गेल्यावर मशीन एकतर विकलेले असते किंवा त्यावर गाद्या रचलेल्या असतात. कारणे घरात उभे राहिले की कळतात. दहा बाय दहाच्या खोलीत मशीनने अडवलेली जागा ही एका माणसाच्या झोपण्याची जागा असते. वीज शेजाऱ्याच्या मीटरवरून घेतलेली असेल, तर मोटर बसवताच शेजारी जादा पैसे मागतो. सहा महिन्यांचा शिवणक्लास करून ती ब्लाउज शिवायला शिकते खरी, पण गल्लीतील बायका ब्लाउज आपल्या नेहमीच्या टेलरकडेच टाकतात. तिच्याकडे येते ते फॉल-पिकोचे काम, आणि पिकोला वेगळे मशीन लागते. शेवटी उरते ठेकेदाराचे नगावरचे काम, ज्याचा दर तोच ठरवतो.

यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणे. मशीन घेण्याआधी काम कोण देणार, नगाला दर किती, माल आणायचा आणि पोहोचवायचा कोणी, आणि पैसे किती दिवसांनी मिळणार, हे त्या बाईला सोबत बसवून कागदावर मांडावे; त्यातून धागा, सुया, वीज आणि रिक्षाभाडे वजा करावे. उरलेली रक्कम ती आज धुणीभांड्याच्या दोन घरांतून मिळवते त्यापेक्षा कमी येत असेल, तर मशीन देऊन आपण तिचे नुकसानच करतो. पाचसहा जणींना मिळून एखादी खोली आणि ठरावीक गिऱ्हाईक मिळत असेल, तर मात्र तेच मशीन चालते.

मुळात नवे कौशल्य शिकवणे हाच रोजगाराचा मार्ग, हे गृहीतच तपासण्यासारखे आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली, त्याआधी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांपर्यंत शिक्षणाच्या निमित्ताने पोहोचल्या होत्या. तिथे ‘हे काम सोडा, दुसरे शिका’ असे सांगणे सोपे होते. त्याऐवजी कचरावेचक बायकांची संघटना बांधली गेली, त्यांच्या ओळखपत्रांना पुणे महापालिकेने १९९६ मध्ये मान्यता दिली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. काम त्यांना येतच होते. अडसर होता तो इमारतीच्या फाटकावर चोर समजून हटकले जाण्याचा. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली सुरू केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळातही हेच दिसते. गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना स्वयंपाक शिकवायचा नव्हता, सावकाराऐवजी बँकेचे दार उघडून द्यायचे होते.

शिबिर झाले, रुग्ण हरवला

आरोग्य शिबिरात तपासलेल्यांची संख्या मोजली जाते, त्यांपैकी दवाखान्यात किती पोहोचले हे सहसा कोणी मोजत नाही. चिठ्ठी देऊन ‘महापालिकेच्या दवाखान्यात दाखवा’ असे सांगितलेली बाई जात नाही, कारण केसपेपर काढण्याची रांग आणि ओपीडीची वेळ तिच्या कामाच्या नेमकी आड येते आणि त्या दिवसाचा खाडा पडतो. शिबिराच्या आधीच जवळच्या दवाखान्याशी बोलून पुढील आठवड्यातील एक दिवस ठरवावा, कार्यकर्तीने सात-आठ जणींना एकत्र घेऊन जावे, आणि शिबिर त्यांना झेपेल एवढेच मोठे ठेवावे.

लोहाच्या गोळ्या वाटल्या आणि पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन जागच्या जागी असेल, तर गोळ्यांना दोष देण्याआधी त्या घेतल्या जातात का आणि कशासोबत, ते विचारावे. सकाळच्या चहाबरोबर घेतलेल्या गोळीतील लोह अंगाला फारसे लागत नाही, आणि शौचाचा रंग काळा झाला की अनेकजणी घाबरून गोळ्या बंद करतात. हे आधी सांगितले, तर ती भीती उरत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत घड्याळाची चूक जिवावर बेतते. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, परंतु दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि माणूस कामावर जाऊ लागतो. त्यातच मे महिना आला की कुटुंब गावाला निघते आणि औषधाची साखळी तुटते. अर्धवट उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. म्हणून उपचार सुरू होतानाच ‘गावाला कधी जाणार आणि कोणत्या तालुक्यात?’ हे विचारून ठेवावे, आणि निघण्यापूर्वी आरोग्य केंद्राला सांगून उपचार गावाकडील सरकारी केंद्रात वर्ग करून घ्यावेत. ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या शासकीय ऑनलाइन नोंदीमुळे हे शक्य होते. क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारे अनुदान एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहे. ते बँक खात्यावर येत असल्याने खाते आहे का, चालू आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ रखडलेले पैसे सुटतात.

वर्गणी काढण्याआधी

शस्त्रक्रियेसाठी मदतीचे आवाहन मोबाइलवर फिरवण्याची घाई आपल्याकडे फार आहे. आधी रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला पाहावा, कारण राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो उपचार बसत असू शकतो. शिवाय महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे, आणि अशा रुग्णांना दाखल करताना अनामत रक्कम मागता येत नाही. रुग्णालयातील समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटावे. बिल तयार झाल्यावर धावाधाव केली, तर बोलणी सवलतीवर येऊन थांबतात आणि हक्काची गोष्ट मेहेरबानी होऊन बसते.

प्रकल्प संपतो तेव्हा

तीन वर्षांचा निधी मार्चअखेर संपणार हे संस्थेला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, वस्तीला मात्र शेवटच्या आठवड्यात कळते. आणि मार्च-एप्रिल म्हणजे मुलांच्या परीक्षांचा काळ. निधीची तारीख पहिल्याच सभेत सांगावी, बालवाडीतील मुलांची नावे जवळच्या अंगणवाडीत वेळेत नोंदवावीत आणि चालू उपचारांवरील रुग्णांची यादी आरोग्य केंद्राकडे लेखी द्यावी. कामाच्या ओघात आपल्या कपाटात जमलेले दाखले, आधारच्या प्रती, केसपेपर आणि क्ष-किरणांच्या फिल्म खोलीची किल्ली मालकाला परत करण्यापूर्वी घरोघर जाऊन ज्याच्या त्याच्या हातात द्याव्यात आणि नावासमोर सही घ्यावी.