वाचनालयात मुलांचा वाचनकट्टा कसा सुरू करावा

बहुतेक वाचनालयांत एका पुस्तकाची एकच प्रत असते. ही गोष्ट आपल्याला जरा उशिराच सुचते. मी पहिल्याच बैठकीत दहा मुलांना एका पुस्तकाचं नाव सांगून मोकळी झाले होते. पुढच्या वेळी पुस्तक वाचलेली मुलगी एक आणि तिच्याकडे रागाने बघणारी मुलं नऊ! चौथी ते सहावीच्या मुलांसाठी कट्टा काढणार असाल, तर एवढं आधी ध्यानात ठेवा.

१. ग्रंथपालांना गाठा

‘मुलांसाठी काहीतरी उपक्रम करू या’ असं मोघम बोलू नका. असले उपक्रम त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. नेमकं विचारा: बालविभागात या वयाची पुस्तकं कोणती आहेत, मुलांची वर्गणी आणि अनामत किती, शनिवारी संध्याकाळी तासभर एक टेबल मिळेल का आणि तिथे मोठ्याने बोललेलं चालेल का. शेवटचा प्रश्न विसरलात, तर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आजोबांशी तुमची गाठ आहे. मग कट्टा जिन्यात भरतो.

पुण्यात १८४८चं पुणे नगर वाचन मंदिर आहे, १९११चं पुणे मराठी ग्रंथालय आहे. तरी मी म्हणेन, घराजवळचं लहानसं वाचनालय बरं. मूल स्वतः चालत किंवा सायकलवर आलं पाहिजे. आईबाबांच्या गाडीवर अवलंबून राहिलं की आईबाबांची सवड हेच कट्ट्याचं वेळापत्रक होतं.

२. प्रतींचा प्रश्न सोडवा

सोपी वाट म्हणजे विषय एक, पुस्तकं वेगवेगळी. या वेळी भुतं, पुढच्या वेळी प्राणी, नंतर घरातून पळून गेलेली मुलं. (हा तिसरा विषय पालकांना आवडत नाही, मुलांना फार आवडतो.) ज्याच्या हाती जे लागेल ते त्याने वाचावं.

सगळ्यांनी एकच मजकूर वाचावा असं वाटत असेल, तर पुस्तकाऐवजी कथा घ्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. चार-पाच पानांची कथा निवडायची, झेरॉक्स काढायच्या, झालं.

एखादं अख्खं पुस्तक घ्यायचंच असेल, तर वर्गणी काढून पाच प्रती घ्या. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारलीत तरी काम होतं. दोघांत एक प्रत, प्रत्येकाला दहा दिवस. वाचून झालं की चार प्रती दुसऱ्या वाचनालयांना देऊन टाका, एक आपल्याकडे दाखल करून घ्यायला सांगा.

३. दिवस ठरवा

दर तीन आठवड्यांनी शनिवारी पाच ते सहा. दर आठवड्याला ठेवलंत तर पुस्तक पुरं होत नाही, महिन्याने ठेवलंत तर विसरलं जातं. सुरुवात जुलैत करा; मे महिन्यात उत्साह असतो, पण मुलं गावाला असतात. गणपतीचे दहा दिवस पेठांत बैठक ठेवूच नका. नावं बारा घ्या, येतील आठ-नऊ.

४. तो एक तास

पहिल्या वेळी मी प्रश्नांचा कागद वाटला होता. लेखकाने काय संदेश दिला, वगैरे. मुलांनी मुकाट्याने पेन्सिली काढल्या, आणि शनिवारी संध्याकाळी मीच त्यांची शाळा भरवली हे माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून कागद बंद.

आता सुरुवातीला कुणीतरी आवडलेलं एक पान मोठ्याने वाचतं. मग चार साधे प्रश्न. ते एडन चेंबर्स या ब्रिटिश लेखकाच्या पद्धतीतले आहेत: काय आवडलं? काय आवडलं नाही? कुठे कोडं पडलं? असंच आणखी कुठे दिसलं होतं? तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त गप्पा होतात, कारण एकाला पडलेलं कोडं दुसऱ्याला सुटलेलं असतं. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी सांगू नका. हे फार अवघड आहे. मी चहाचा कप हातात धरून बसते. बोलावंसं वाटलं की घोट घेते.

पुस्तक अर्धवट सोडलेल्या मुलाला ओशाळवाणं होऊ देऊ नका. कितव्या पानावर सोडलंस आणि का, एवढंच विचारा. ‘बाविसाव्या पानापर्यंत नुसता पाऊसच पडतोय’ ही तक्रार आमच्याकडे आलेली आहे, आणि ती रास्त होती.

पालक बाहेर. आई समोर असली की मूल आईला आवडेल तेच बोलतं.

५. अडखळत वाचणारी मुलं

इंग्रजी माध्यमातली बरीच मुलं मराठी फडाफडा बोलतात, पण जोडाक्षरांपाशी थांबतात. त्यांना ‘सोपं’ म्हणून लहान मुलांचं पुस्तक देऊ नका, अपमान होतो. पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि अगदी रंगात आलं की थांबा. पुढचं ती घरी आजीकडून तरी वाचून घेतात. तेही चालतं.

६. कधीतरी बाहेर पडा

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मूळचा फुरसुंगीचा. फुरसुंगी हडपसरच्या पुढे आहे, हे आमच्यातल्या निम्म्या मुलांना खरंच वाटेना. गोष्टीतली गावं पुण्याच्या नकाशावर शोधायला लावा, आणि जमलं तर पीएमपीच्या बसने एक फेरी मारून या.

७. पुढचं पुस्तक

निवड मतदानाने. प्रत्येकाने एक नाव सुचवायचं आणि का, ते एका वाक्यात सांगायचं. मग चिठ्ठ्या. तुमचंही मत एकच. माझं पुस्तक आतापर्यंत चारदा पडलंय.