काळ्या पार्श्वभूमीचं नाटकाचं पोस्टर : बुजलेली अक्षरं कशी सुटली

स्क्रीनवर झकास दिसणारं कॉलेजच्या नाटकाचं पोस्टर छापून आलं ते काळपट. नटांचे चेहरे अंधारात गडप, तारखेच्या ओळीतले अनुस्वार आणि रफार भरून गेलेले. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नाही.

आधी फाइल आरजीबीतून (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायकेत (छपाईच्या चार शाया : सी निळसर, एम किरमिजी, वाय पिवळी, के काळी) नेली, मग कर्व्ह्ज या उजेड-अंधार जुळवायच्या साधनातून चेहऱ्यांचे मधले टोन उचलले. मोठ्या जागेत नुसता के १००, म्हणजे शंभर टक्के काळी शाई, राखाडी दिसतो. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० घेतल्यावर काळा दाट आला. मात्र चार शाया केसभर जरी सरकल्या, तरी या मिश्रणात कोरलेली बारीक पांढरी अक्षरं बुजतात. म्हणून तारीख, वेळ, स्थळ यांची खाली वेगळी पट्टी केली : फक्त के १००, २४ पॉइंट, ठळक अक्षर. लांबून वाचायची ओळ हीच, तिच्यावर कंजुषी नको.

आकार ए३, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). पीडीएफआधी अक्षरांचे आउटलाइन करावेत, म्हणजे फाँटऐवजी नुसते आकार उरतात; नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडेच जाते. आउटलाइन केलेला मजकूर पुन्हा टाइप करून बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपा. प्रयोगाची वेळ ऐनवेळी बदलू शकते.