कुत्र्याला गाडीतून नेताना: कुठे बसवायचं, कसं बांधायचं

गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असते तेव्हा मागच्या सीटवरचं कुत्रंही त्याच वेगाने जात असतं. गाडी कशावर तरी आपटून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर ३० किलोच्या लॅब्रॅडोरला जागेवर धरून ठेवायला साधारण ६०० किलोची ओढ सोसावी लागते. १० किलोच्या बीगलसाठी २०० किलोची. ही ताकद कुणाच्याच हातात नसते. त्यामुळे ‘मी त्याला मांडीवर घट्ट धरून बसते’ हा उपाय कितीही मायेचा असला तरी सगळ्यात घातक आहे. पुढच्या सीटवर तर एअरबॅग उघडते आणि कुत्रं तिच्या व तुमच्या छातीच्या मध्ये सापडतं. मागे मोकळं असलेलं कुत्रं दोन सीटांच्या मधून सरळ पुढे येतं, कधी डॅशबोर्डवर, कधी गाडी चालवणाऱ्याच्या मानेवर.

धडक व्हावीच लागते असंही नाही. पग, शिट्झू, पॉमेरेनियन अशी लहान कुत्री पुढे उतरून ब्रेकच्या पेडलखाली शिरतात आणि ऐन वेळी पेडल दाबलं जात नाही. मोठी कुत्री रस्त्यावरची गाय किंवा दुसरं कुत्रं दिसलं की चालवणाऱ्याच्या अंगावरून खिडकीकडे झेपावतात. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे जाते. मागे वळून ‘बस खाली’ म्हणण्यात दोन सेकंद गेले तर ३३ मीटर रस्ता न बघताच कापला. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात एवढ्या अंतरात वळण येऊन ठेपतं. कायदाही इथे स्पष्ट आहे: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ प्रमाणे चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कुणाला बसू देता येत नाही, की काही ठेवता येत नाही.

हार्नेस निवडताना

हार्नेस म्हणजे कुत्र्याच्या छाती-पाठीभोवती घालायचा पट्ट्यांचा साज; तोच सीटबेल्टला अडकवायचा. फिरायला नेण्याचा हार्नेस आणि गाडीचा हार्नेस या वेगळ्या वस्तू आहेत. फिरायच्या हार्नेसची प्लॅस्टिकची बकलं हिसक्याने फुटतात आणि बारीक पट्टे छातीत रुततात. गाडीच्या हार्नेसला छातीवर रुंद, जाड गादी हवी, पट्टे सीटबेल्टच्या जाडीचे हवेत आणि ओढ जिथे येते तिथे धातूची कडी किंवा सीटबेल्ट आरपार ओवता येईल असा पट्ट्याचाच फास हवा. पाकिटावर ‘क्रॅश टेस्टेड’ लिहिलेलं पुरेसं समजू नका. कुठल्या वेगाला आणि किती किलोच्या डमीवर (कुत्र्याच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावर) चाचणी केली, हे विक्रेत्याला विचारा. तुमच्या कुत्र्याचं वजन त्या मर्यादेत बसत नसेल तर चाचणीचा उपयोग नाही.

सीटबेल्टचं किंवा कुठलंही टोक गळ्यातल्या कॉलरला कधीही अडकवू नका. हिसका बसला की सगळा भार श्वासनलिका आणि मानेच्या मणक्यांवर येतो. हेडरेस्टला गुंडाळायचे पट्टेही टाळा, कारण कुत्रं सीटवरून खाली घसरलं तर लटकतं.

बांधायची पद्धत

जागा मागची, डावीकडची. आपल्याकडे तो दरवाजा फुटपाथच्या बाजूला उघडतो, त्यामुळे कुत्र्याला रहदारीत उतरवावं लागत नाही. हार्नेस गाडीबाहेरच, शांतपणे चढवा. पट्टा आणि अंग यांच्यात दोन बोटं जावीत, तीन गेली तर सैल आहे. मग सीटबेल्ट पाठीवरच्या फासातून ओवून बकलात अडकवा. ही पद्धत सर्वांत भरवशाची. वेगळा छोटा पट्टा लावायचा असेल तर तो २०-३० सेंटिमीटरच ठेवा: कुत्र्याला बसता आणि आडवं होता यावं, पण पुढच्या सीटांच्या मधल्या जागेत तोंड घालता येऊ नये. लांब पट्ट्याने कुत्रं आधी वेग पकडतं आणि मग हिसका खातं, म्हणून ‘थोडं मोकळं राहू दे’ हा विचार त्याच्याच मुळावर येतो. रबरी ताणाच्या पट्ट्यांचंही तेच.

बकलाचं लाल बटण कुत्र्याच्या पंजाखाली येतं आणि पट्टा सुटतो. दर थांब्यावर हात लावून बघा. दरवाजाचं चाइल्ड लॉक आणि खिडक्यांचं लॉक लावा, नाहीतर पंजा बटणावर पडून काच उघडते. सीटवर झोळीसारखं टाकायचं कापड, म्हणजे हॅमॉक, चांगलं, त्याने कुत्रं पायाच्या जागेत पडत नाही, पण त्याला धडकेत धरून ठेवणारी गोष्ट मानू नका. त्याचं कापड गुळगुळीत असेल तर खाली रबरी मॅट घाला. पाय घसरले की कुत्रं बसत नाही आणि घाबरतं.

पहिल्यांदा हार्नेस लावून थेट कोकणात निघू नका. दोन-तीन दिवस तो घरात घाला. मग इंजिन बंद असलेल्या गाडीत पाच मिनिटं बसवा, पुढे इंजिन चालू करून, आणि त्यानंतर दहा मिनिटांची गल्लीतली फेरी. घाटाचा रस्ता असेल तर जेवण तीन-चार तास आधी आणि कमी द्या. दर दोन तासांनी थांबा.

मांजर, डिकी, स्कूटर

मांजराला कडक प्लॅस्टिकच्या कॅरिअरमध्ये ठेवा आणि कॅरिअर पुढच्या सीटमागे जमिनीवर घट्ट बसवा. सीट मागे सरकवली की तो हलत नाही. सीटवर ठेवून वरून सीटबेल्ट आवळला तर धडकेत कॅरिअर दबून फुटू शकतो. हॅचबॅकच्या डिकीत क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) ठेवायचा तर तो मागच्या सीटला टेकवून गाडीच्या हुकांना पट्ट्यांनी बांधा. एसीची हवा तिथवर पोचते का, हेही पाहा.

स्कूटरच्या पायाच्या जागेत उभं राहणारं कुत्रं गल्लोगल्ली दिसतं. तिथे त्याला सुरक्षित बांधायची सोयच नाही, आणि हँडलला बांधलं तर स्कूटर आडवी झाल्यावर ते खाली अडकतं. पिकअपच्या हौद्यात मोकळं उभं केलेलं कुत्रं वळणावर बाहेर फेकलं जातं, आणि बांधलेलं असेल तर बाहेर लोंबकळतं.

उतरवताना आणि अपघातानंतर

पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर दरवाजा उघडला की कुत्रं पळतं. म्हणून आधी आतूनच फिरायचा पट्टा लावा, तो हातात घ्या, मगच सीटबेल्ट सोडा आणि शेवटी दरवाजा उघडा. द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडली तर त्याला बाहेर काढण्याआधी हा क्रम दुप्पट काळजीने पाळा. अपघातानंतर मोकळं कुत्रं भेदरून रस्त्यावर धावतं किंवा मदतीला आलेल्या माणसालाच चावतं. बांधलेलं असेल तर निदान ते सापडतं. ते धडधाकट दिसलं तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. हिरड्या फिक्या पडल्या असतील, श्वास भरभर चालत असेल किंवा पोट फुगलं असेल, तर आतल्या आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते आणि थांबायला वेळ नसतो. तो हार्नेस पुन्हा वापरू नका. शिवण आतून ताणलेली असते आणि बाहेरून ते कळत नाही.