स्पार्क प्लगचं टोक सिलिंडर हेडमध्येच तुटून राहिलं: काय केल्यावर निघालं

इंजिन अमेरिकन पिकअपचं, ५.४ लिटर, २४ व्हॉल्व्हचं व्ही-८, २००४ ते २००८ च्या काळातलं. प्लग सैल झाला, पण हातात अर्धाच आला. खालची लांब नळी हेडमध्येच, आत चिनीमातीचा तुकडा. याचा प्लग दोन भाग जोडून बनवलेला असतो. नळीभोवती कार्बन घट्ट बसला की जोड सुटतो.

गरम इंजिनवर खोलणं आणि इम्पॅक्ट गन (झटके देऊन नट-बोल्ट खोलणारं मशीन), दोन्हींनी प्लग जास्तच तुटले. दिवस वाया गेला.

तुटलेल्यासाठी लिसल कंपनीचं ६५६०० नंबरचं, तुटके प्लग काढायचं टूल वापरलं. आधी चुरा व्हॅक्यूमने ओढला. मग चिनीमाती टूलमधल्या पुशरने (दाबायच्या दांड्याने) नळीतच खाली दाबली. हातोडा मारू नका, तुकडा सिलिंडरमध्ये पडेल. झालेल्या जागेत टूलचे आटे घट्ट बसवून वरचा नट फिरवला, नळी सरळ वर आली.

उरलेले प्लग थंड इंजिनवर फक्त पाव फेरा सैल केले. प्रत्येक प्लगच्या खड्ड्यात अर्धा ते एक चमचा कार्ब क्लीनर (कार्बन विरघळवणारा द्रव), निदान १५ मिनिटं थांबायचं. मग थोडं सैल, थोडं घट्ट. ४५ न्यूटन-मीटरच्या वर जोर नको. करकर वाढली की परत घट्ट करून पुन्हा क्लीनर. एकही तुटला नाही.

नवे बसवताना निकेल अँटी-सीझ (धातू जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) फक्त नळीवर, आट्यांवर नाही. टॉर्क (आवळायचा जोर) ३४ न्यूटन-मीटर.