एल-२ व्हिसावर नोकरी: माझा अनुभव
नवऱ्याच्या एल-१ (कंपनीतल्या बदलीच्या) व्हिसामागे, जोडीदाराला मिळणाऱ्या एल-२ वर मी भुसावळहून अमेरिकेत आले. नोकरी ठरली, पण कंपनी वर्क परमिटचं कार्ड मागत बसली. यावलहून सासूबाईंचा रोज फोन, ‘काम लागनं का?’

खरं तर नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला वेगळं कार्ड लागत नाही. आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवर, ‘एल-२एस’ हा कोड असला की पुरे. माझ्या आय-९४ वर नुसतं ‘एल-२’! मग प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका सुधारणाऱ्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ कार्यालयाला पासपोर्ट, लग्नाचा दाखला पाठवून दुरुस्ती करून घेतली. नवी प्रत ड्रायव्हिंग लायसन्ससोबत दिली, काम सुरू.

लग्नाचा दाखला भारतातून निघण्याआधीच नगरपालिकेतून घ्या. लग्नपत्रिकेला तिथे कोण विचारतं! एच-४ वाल्यांना (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या जोडीदारांना) मात्र कार्ड लागतंच, आणि ते सहसा जोडीदाराचा आय-१४० हा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर झाल्यावरच मिळतं.