दगडी चर्चमधलं लोखंड: या चुका टाळा

नाताळ जवळ आला की रंगरंगोटीची वर्गणी निघते आणि गडबडीत जुन्या लोखंडाचं वाटोळं होतं. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, मराठवाड्यात चर्चची परंपरा इतकी जुनी आहे. जुनी वास्तू असेल, तर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळानं आधी हे वाचावं.

सगळ्यात महाग पडते ती सिमेंटची चूक. खिडकीचा गज जिथं दगडात शिरतो, तिथं भेग दिसली की गवंडी सिमेंट थापतो. पण भेग पडते ती आतल्या गंजामुळं. गंजलेलं लोखंड मूळच्या कित्येक पट जागा मागतं, म्हणून काळा दगडसुद्धा फुटतो. वरून सिमेंट लावलं की आत मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही, गंज आणखी वाढतो. अथेन्सचं पार्थेनॉन कित्येक शतकं चर्चच होतं. तिथं प्राचीन कारागिरांनी दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी चिमट्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत उघड्या लोखंडाचे चिमटे बसवले, ते गंजले आणि संगमरवर तडकला. आता तिथं टायटॅनियम वापरतात. आपल्याकडं गज काढून साफ करा किंवा स्टेनलेसचा बसवा आणि सांधा चुन्यात भरा.

सज्जाखालचा खांब तडकला, तर थेट वेल्डरला बोलावू नका. खांब बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल, तर त्यात कार्बन भरपूर असतो. साधं वेल्डिंग केलं की थंड होताना शेजारीच नवी चीर जाते. आधी टेकू द्या, मग जुन्या बांधकामांची माहिती असलेला इंजिनिअर शोधा.

भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेली आडवी सळई पंख्याला आड येते म्हणून कापणारेही भेटतात! ती सळई कमानीचा किंवा छताचा रेटा धरून भिंतींना बाहेर सरकू देत नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटालाही वास्तुकार ख्रिस्तोफर रेननं लोखंडी साखळी घातली होती. 1925 नंतरच्या दुरुस्तीत तिथं स्टेनलेस स्टीलची साखळी आली. उन्हाळ्यात सळई सैल वाटली, तर लगेच नट आवळू नका. 10 मीटरची सळई 30 अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटर वाढते. उन्हाळ्यात आवळलेली सळई थंडीत भिंतच ओढते.

रंगाचं काम मृगाच्या आधी उरका. गंज खरवडल्याशिवाय रेड ऑक्साइड मारलं, तर दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळं कोरडं घासू नका, ओलं करून घासा.