यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठी: पॅथॉलॉजीला नव्यानं लागलेल्यांसाठी

माझी पहिली यकृताची गाठ मी मोजायच्या आधीच कापली. इंदूरला एमडीचं पहिलं वर्ष, ग्रॉसिंगच्या (नमुना नुसत्या डोळ्यांनी तपासून कापायच्या) टेबलावर ताजा नमुना. सुरी फिरवली तसं काळपट रक्त निथळलं आणि बघता बघता गाठ पिचकली. आता रिपोर्टात आकार काय लिहिणार? टेक्निशियन काका नुसतं "झालं!" म्हणाले. तेव्हा आधी मोजा, फोटो काढा, मग कापा. आणि शेजारच्या यकृतासकट कडेचे ब्लॉक, म्हणजे स्लाइडसाठीचे तुकडे, घ्याच.

कापलेला भाग पाहून आईच्या अनारशाची जाळी आठवली. हाच कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा, यकृतात सर्वांत जास्त आढळणारी सौम्य गाठ, बायकांमध्ये अधिक. स्लाइडवर रुंद पोकळ्या, मधे तंतुमय पडदे, आतून चपट्या एंडोथेलियमचा (वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींचा) एकच थर, कुठे जुनी गुठळी. कॅपिलरी प्रकार विरळा, त्यात बारीक वाहिन्यांची दाटी.

फसगत होते ती स्क्लेरोज्ड, म्हणजे तंतूंनी कडक झालेल्या प्रकारात. दुसऱ्या वर्षी एक पांढरी, कडक गाठ आली. फॉर्मवर "सेकंडरी?" लिहिलेलं, म्हणजे दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असल्याची शंका. मग काय, त्या गुलाबी कोलॅजनमध्ये मी दोन दिवस कॅन्सरच्या पेशी शोधत बसले. सरांनी स्लाइड लावली, कंडेन्सर जरा खाली घेतला आणि विचारलं, "बुजलेल्या वाहिन्या दिसतायत का?" सीडी३४ (एंडोथेलियम दाखवणारा रंग) केल्यावर त्यांच्या कडा तपकिरी रंगात उमटल्या. जुना हिमॅन्जिओमाच होता, घट्ट होऊन बसलेला.

नावांचा घोळ मात्र वेगळाच. १९८२ साली मुलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी एंडोथेलियमच्या वागण्यावरून रक्तवाहिन्यांच्या गाठींचे दोन गट पाडले: पेशी वाढत असतील तर ट्यूमर, नसतील तर मालफॉर्मेशन, म्हणजे वाहिन्यांच्या घडणीतला दोष. 'इस्सा'चं (ISSVA, या विकारांच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था) १९९६ चं वर्गीकरण याच पायावर उभं आहे. त्या हिशेबानं मोठ्या माणसांचा कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा ट्यूमर नाहीच, व्हीनस (शिरांचं) मालफॉर्मेशन आहे! यकृतवाले मात्र जुनंच नाव चालवतात, आणि परीक्षेत तेच लिहावं हे माझं मत. तान्ह्या बाळांचं निराळं: इन्फन्टाइल प्रकारात ग्लूट१ (स्लाइडवर रंगवून पाहायचं एक प्रथिन) पॉझिटिव्ह, जन्मतःच पूर्ण वाढलेल्या कन्जेनिटलमध्ये निगेटिव्ह. फॉर्मवर वय नसेल तर वॉर्डात फोन करा, लाजू नका.

सगळ्यांत घाम फोडते ती २०१६ मध्ये वर्णन झालेली गाठ, हिपॅटिक स्मॉल व्हेसल निओप्लाझम. बारीक वाहिन्या यकृतपेशींच्या मधे शिरतात, स्पष्ट सीमा नसते. पाहताच अँजिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांचा कॅन्सर) वाटतो. पण पेशी बेढब नसतात, मायटोसिस (पेशींचं विभाजन) जवळपास नाही आणि केआय-६७ (पेशींच्या वाढीचं माप) कमी. तरी रिपोर्टात नुसतं "बिनाइन" लिहून मोकळं होऊ नका. तिचं पुढचं वागणं कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून फॉलोअपची ओळ घाला. हे शिरणं दिसतं ते कडेलाच. मला अशी केस आली तेव्हा कडेचा ब्लॉक एकच होता. डबा परत उघडला, डोळ्यांत फॉर्मॅलिन झोंबत असताना आणखी चार घेतले.